धंदा वाढवायचाय ना? मग रोजच्या या चुका टाळा

परभणीच्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्याच्या बाजाराजवळ, मोटार, पाइप अन ठिबकचं दुकान चालवून मला १९ वर्षं झालीत. महिन्यातून एखादं तरी पोरगं येऊन विचारतंच, काका नवीन दुकान टाकलंय, वाढवायचं कसं? मोबाइल बघावा तर पहाटे चारला उठा, थंड पाण्यानं आंघोळ करा, भिंतीवर ध्येय लिहून लावा असले व्हिडिओ भरलेले. मी एकच विचारतो, काल विक्री किती झाली अन त्यातली उधार किती? तिथंच गाडी अडते. तेच तेच बघून आता कंटाळा आलाय म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो.

दिवसाचा हिशोब त्याच दिवशी न लिहिणं

यावर मी जास्त बोलणार, कारण यात मी स्वतः पोळलोय.

आपल्याकडं शेतकऱ्याचा पैसा महिन्याला येत नाही. सोयाबीन निघालं की दिवाळीच्या आगंमागं काही येतो, राहिलेला तुरीवर जातो. म्हणजे उन्हाळ्यात दिलेल्या पाइपचे पैसे सहा-आठ महिन्यांनी मागायचे असतात, तेवढे दिवस कोणाच्याच डोक्यात आकडा राहत नाही, तुमच्याही नाही अन त्याच्याही नाही.

२०१५ चा उन्हाळा. आदल्या साली पाऊस कमी झालेला, विहिरी आटलेल्या, जो तो बोअर पाडत होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मोटार दे, केबल दे, पाइप दे, सकाळपासून रात्री दहापर्यंत तेच. उधारी मी बिलाच्या पाठीमागं, सिगारेटच्या पाकिटावर, जिथं सापडंल तिथं खरडायचो अन म्हणायचो, रविवारी वहीत चढवू. तो रविवार काही आलाच नाही. पुढं पावसानं अजूनच दगा दिला, २०१६ च्या एप्रिलात तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, असे ते दिवस. त्यात मी वसुलीला बसलो तर चिठ्ठीवर काय, "तात्या, पाइप २० नग, बाकी". कोणता तात्या? आपल्याकडं प्रत्येक गावात दोन-तीन तात्या असतात.

पण मनाला लागलं ते वेगळंच. जिंतूरकडचे एक म्हातारे, लई जुनं गिऱ्हाईक, एवढ्या दुष्काळात स्वतःहून पैसे घेऊन आले. म्हणले, "मालक, माझ्याकडं अकरा हजार निघतात ना?" माझ्या अंदाजानं सतरा निघत होते अन मी ते बोलून गेलो. वही दाखवा म्हणले. दाखवायला काही नव्हतंच. त्यांनी अकरा मोजून दिले, नमस्कार केला अन परत कधी दुकानाची पायरी चढले नाहीत. त्यांचा आकडा बरोबर होता का माझा, हे मला आजही माहीत नाही. त्या वर्षी अशी साधारण १ लाख ८० हजारांची उधारी गेली, अन मी सांगतो, त्यातले निम्मे लोक बुडवे नव्हते, मीच लिहिलं नव्हतं.

तेव्हापासून माझी सवय एकच. शटर अर्धं ओढायचं, गल्ला मोजायचा, यूपीआयनं आलेले पैसे मोबाइलवर बघून वेगळे लिहायचे, मग उधारी: नाव, बापाचं नाव, गाव, मोबाइल नंबर, माल, रक्कम, अन द्यायचा वायदा कशावर, सोयाबीनवर का तुरीवर. पंधरा मिनिटं लागतात, गर्दीच्या दिवशी पंचवीस. घरी जाऊन लिहू म्हणलं की ते होत नाही, जेवण झालं की डोळे मिटतात. अॅपवर लिहा नाहीतर लाल वहीत लिहा, माझं काही म्हणणं नाही, पण त्याच रात्री लिहा. अन वर्षातून एकदा तरी बाकीच्या आकड्यासमोर गिऱ्हाइकाची सही घ्या. वायदा ठरलेला नसंल तर माल दिल्यापासून, अन ठरलेला असंल तर तो संपल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, मुदत कायद्यात तसं आहे. त्या मुदतीच्या आत सही करून बाकी कबूल केलेली असंल तर तीन वर्षं नव्यानं मोजतात. सही मागायला लाज कामून वाटावी?

आपल्या सोयीनं दुकान उघडणं

शेतीची थ्री फेज लाइट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटार जळते ती रात्री दोनला, अन शेतकरी पहिल्या एसटीनं साडेसात-आठला मोंढ्यात हजर असतो. पीक वाळायलंय, त्याला अकरापर्यंत थांबता येत नाही. जे दुकान उघडं दिसलं त्यात तो शिरणार अन पुढची दहा वर्षं तिथंच जाणार. माझी निम्मी गिऱ्हाइकं अशीच जोडली गेलीत. तुमचा धंदा दुसरा असंल तर तुमचं गिऱ्हाईक कधी अडतं ते शोधा अन त्या वेळेला हजर राहा. कापडाच्या दुकानवाल्यानं पहाटे उठून काही होत नाही, त्याला संध्याकाळी ताजंतवानं उभं राहावं लागतं, मग त्यानं दुपारी अर्धा तास पडावं खुशाल.

एका सोमवारी सगळंच बदलायला निघणं

माझ्या भाच्यानं मागच्या वर्षी हार्डवेअरचं दुकान टाकलं. पहिल्याच आठवड्यात वेळापत्रक केलं, त्यात धावणं, ध्यान, वाचन, डायरी, इंग्रजी, सगळं मिळून १४ गोष्टी. म्हणला, मामा २१ दिवसांत सवय लागते. तीन आठवड्यांनी चौदाच्या चौदा बंद, वहीसुद्धा. हे २१ दिवसांचं जे पसरलंय त्याला काही आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ लोकांवर अभ्यास झाला होता, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ लागतील असं निघालं. त्यातच हेही दिसलं की एखादा दिवस चुकला म्हणून फार बिघडत नाही. पण सगळ्या पोरांना घाई, एक दिवस चुकला की सोडूनच देतात. भाच्याला मी म्हणलं, बाकीचं सगळं राहू दे, चार महिने फक्त रात्रीची वही. आज चुकली तर उद्या सकाळी कुलूप काढल्या काढल्या आधी ती, मग अगरबत्ती. आता त्याची वही चालू आहे, धावणं अजून नाही अन माझी काही तक्रार नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

गल्ल्यातून घरखर्च उचलणं. पोराची फी, किराणा, पेट्रोल सगळं त्यातूनच निघतं अन मग म्हणायचं नफा कुठं गेला. महिन्याच्या एक तारखेला स्वतःचा पगार काढा, मधी हात घालू नका, अन घातलाच तर लिहा.

जीएसटीची बिलं पिशवीत कोंबून महिनाअखेरीला सीएकडं पळणं. महिन्याचं रिटर्न असंल तर विक्रीच्या बिलांचं ११ तारखेला अन कर भरायचं २० तारखेला, उशीर झाला की दिवसाला ५० रुपये चालू. मी दर शनिवारी दुपारी बिलं लावून ठेवतो.

सकाळपासून दहा कप चहा अन जेवण चारला. तीननंतर मालक गिऱ्हाइकावर खेकसतो ते त्याच्यामुळं. डबा दीडला उघडा, गिऱ्हाईक दहा मिनिटं थांबतं.

काउंटरवर बसून रील बघणं. दारात आलेला माणूस तुमची मान वर व्हायची वाट बघत नाही, शेजारी जातो.

अन लग्नाला, दवाखान्यात, कुठंही जायचं असलं तर शटरवर खडूनं लिहून जा, कधी येणार ते, खाली नंबर.