नवी स्पोर्ट्स कार ताब्यात घेताना या चुका टाळा

तपासणी आणि पूजा एकाच दिवशी ठेवणं, ही स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांना सगळ्यांत महागात पडणारी चूक. दसरा, धनत्रयोदशी किंवा पाडव्याला शोरूममध्ये काय चालू असतं ते आठवून बघा. गाड्या ओळीने उभ्या, गुरुजी घाईत, सेल्सवाला एकाच वेळी चार गिऱ्हाइकं सांभाळतोय आणि घरची मंडळी मोबाइल सरसावून तयार. वर्षभर जिची वाट पाहिली त्या गाडीवरचं कापड दूर होतं, तेव्हा बॉनेटवरचा केसासारखा ओरखडा शोधायची मनःस्थिती कुणाचीच नसते. नसावीही. तो आनंद पुरेपूर घ्यायचा असेल तर तपासणी त्याआधी एखाद्या साध्या दिवशी उरकून टाका.

आणि हा साधा दिवस पासिंगच्या आधीचा हवा. बरेच जण गाडी पहिल्यांदा नीट बघतात ती नंबर पडल्यावर, म्हणजे सगळे पैसे भरून झाल्यावर. तोवर कागदोपत्री गाडी तुमची झालेली असते, आणि रंगवलेलं दार किंवा चुकीचं सीट दिसलं तरी उत्तर एकच मिळतं: ‘आणा सर, वर्कशॉपमध्ये करून देऊ.’ पासिंगआधी हेच दिसलं तर दुसरी गाडी मागता येते. सदोष गाडी परत घ्यायला भाग पाडणारा, अमेरिकेतल्यासारखा वेगळा कायदा भारतात नाही. आपल्याला ग्राहक आयोगाकडेच जावं लागतं. तिथेही, किंमत ५० लाखांवर गेली की प्रकरण जिल्हा आयोगात न चालता राज्य आयोगात चालतं, आणि २ कोटींच्या वर राष्ट्रीय आयोगात. पोर्शे ९११ घेणाऱ्याला थेट दिल्लीची वाट धरावी लागू शकते. म्हणून बुकिंगच्या वेळीच सेल्सवाल्याकडून ईमेलवर लिहून घ्या: गाडी यार्डात आली की आधी बघणार, मग उरलेली रक्कम भरणार.

यार्डात गेल्यावर रंगाकडे धावू नका, आधी चासी नंबर. सतरा अक्षरांचा हा नंबर अनेक गाड्यांत समोरच्या काचेखाली दिसतो, दाराजवळच्या स्टिकरवर असतो आणि पत्र्यावरही कोरलेला असतो. सगळीकडे तो एकच असला पाहिजे आणि इनव्हॉइस, विमा, फॉर्म २१ व फॉर्म २२ यांवरही तोच. फॉर्म २२ तर मागूनच घ्या, कारण गाडी कोणत्या महिन्यात बनली ते त्यावर असतं. बाहेरून येणारी गाडी जहाज, कस्टम्स आणि यार्ड असा प्रवास करते, त्यामुळे दोन-चार महिने जुनी असणं स्वाभाविक आहे. पण डिसेंबरातली गाडी पुढच्या वर्षी गळ्यात मारली जात असेल, तर पुनर्विक्रीच्या वेळी ते वर्ष तुमच्या खिशातून जाणार. याच टप्प्यावर गाडी स्वतःच्या नावावर घ्यायची की कंपनीच्या, तेही पक्कं झालेलं हवं. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला रोड टॅक्सचा दर जास्त लागतो आणि इनव्हॉइस निघाल्यावर नाव बदलणं म्हणजे नुसती डोकेदुखी.

त्यानंतर ऑर्डरशीट हातात धरून एकेक ऑप्शन जुळवा. मोठ्या प्रतीक्षेत नेमका इथे घोळ होतो. सुरुवातीची ऑर्डर, मध्ये बदललेला शिलाईचा रंग, नंतर वाढवलेला स्पोर्ट्स एक्झॉस्ट असं करता करता कारखान्याकडे शेवटचं कोणतं पान गेलं हे डीलरलाही नीट आठवत नसतं. सिरॅमिक ब्रेक, समोरचं नाक उचलणारी लिफ्ट, सीटची मेमरी, स्टिअरिंगवरची बटणं, जे पैसे देऊन घेतलंय ते चालवून बघा. नुसतं ‘आहे ना सर’ ऐकून पुढे जाऊ नका.

रंग उन्हातच बघा

शोरूमचे दिवे गाडी देखणी दिसावी म्हणूनच लावलेले असतात. त्या उजेडात फुगीर पत्रा आणि पुन्हा मारलेला रंग सहसा कळत नाही. गाडी दिवसाउजेडी बाहेर काढायला सांगा, बाजूला उकिडवं बसून पॅनेलच्या लांबीने नजर फिरवा. दोन पॅनेलच्या फटी डावी-उजवीकडे सारख्या आहेत का, बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडालाय का (पाना लागल्याची ती खूण), रबराच्या कडेला रंगाचे बारीक थेंब आहेत का, हे सगळं डोळ्यांनी कळतं. रंगाची जाडी मोजणारं यंत्र घेऊन जाणार असाल तर ते लोखंडासोबत ॲल्युमिनियमवरही चालणारं घ्या. ९११ सारख्या गाडीत दोन्ही धातू आहेत. बीएमडब्ल्यू एम गाड्यांचं कार्बनचं छत असेल तर त्यावर हे यंत्र काहीच दाखवणार नाही. त्याने घाबरून जाऊ नका. आकडा नेमका किती यापेक्षा एखादं पॅनेल शेजारच्यापेक्षा दुप्पट दाखवतंय का, हे महत्त्वाचं.

कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे गोल ओरखडे मात्र बहुधा कारखान्यातून येत नाहीत, ते डिलिव्हरीच्या आदल्या रात्री पडतात. दिवसभर वापरलेल्या फडक्याने धूळ पुसली की काळ्या किंवा गडद निळ्या गाडीची वाट लागते. म्हणून पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी पारदर्शक फिल्म, करून घेणार असाल तर स्पष्ट सांगा, आणि लेखी सांगा: गाडी धुऊ नका, पुसू नका, पॉलिश करू नका, कारखान्याच्या प्लास्टिकसकट द्या. कारखान्यातला रंग भट्टीत पक्का झालेला असतो, त्यामुळे फिल्म लावायला थांबायची गरज नाही. गाडी शोरूममधून थेट फिल्मवाल्याकडे नेली तर उत्तम.

पूजेबद्दलही बोलायला हवं, कारण ती करायचीच आहे आणि मनापासून करायची आहे. ओल्या हळदीचा पिवळा डाग पीपीएफवर धरतो आणि सहज जात नाही. स्वस्तिक काचेवर काढा. हार तारेने ग्रिलला बांधू नका, सुतळीने किंवा मऊ दोऱ्याने बांधा. मोठ्या रिबिनीची चिकटपट्टी रंगावर नको. नारळ गाडीपासून चार पावलं लांब फोडा, त्याची करवंटी उडून बंपरला लागते. अक्षता पडू द्या, फक्त नंतर त्या फडक्याने घासून पुसू नका, हलक्या हाताने झटका.

टायर, स्प्रिंग आणि डिकीतला तो छोटा तुकडा

टायरच्या बाजूला चार अंक छापलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच सुमारास बनलेले हवेत. जहाजातून येताना टायर चपटू नयेत म्हणून हवा बरीच जास्त भरलेली असते आणि ती कमी करणं हे डिलिव्हरीपूर्व तपासणीचं काम. गर्दीच्या दिवशी ते राहून जातं. काही गाड्यांच्या स्प्रिंगमध्ये वाहतुकीसाठी ठोकळे बसवलेले असतात. ते काढायचे राहिले तर गाडी उंच दिसते, प्रत्येक खड्डा कण्यात जाणवतो, आणि मालक बिचारा ‘स्पोर्ट्स सस्पेन्शन असंच असतं’ म्हणून सोसत राहतो. तपासणीचा कागद मागा. त्यावर ठोकळे काढले, हवा अमुक केली, बॅटरी अमुक व्होल्ट, ट्रान्सपोर्ट मोड (वाहतुकीत बॅटरी वाचवणारी सेटिंग) बंद, असं टिक करून सही केलेली असते. तो कागद दाखवायला कुणी कां-कूं करत असेल, तर तपासणी झालेलीच नाही असं समजा.

चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून अनेक गाड्यांत एक वेगळ्या खाचेचा बोल्ट असतो आणि तो उघडायला एक छोटा सॉकेट. हा सॉकेट डिकीत किंवा टूलकिटमध्ये आहे हे स्वतः हात लावून बघा. रात्री अकराला खोपोलीजवळ पंक्चर झालं आणि सॉकेट वर्कशॉपच्या टेबलावर राहिलेला असेल, तर चाक काढताच येत नाही आणि बहुधा टो ट्रक बोलवावा लागतो. बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनी नसते. हवेचा पंप आणि पंक्चर बुजवणारं द्रव्य मिळतं, ते आहे का बघा. टोइंगचा हूक, दोन्ही किल्ल्या, मॅन्युअलही मोजून घ्या.

ओडोमीटरकडे शेवटी. यार्डातली हालचाल आणि छोटी चाचणी धरून थोडे किलोमीटर चालणारच. शंभरच्या पुढे आकडा असेल तर कारण विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

शोरूम ते घर

नोंदणीशिवाय, निदान तात्पुरत्या नोंदणीशिवाय, डीलरने गाडी गिऱ्हाइकाला देणं नियमात बसत नाही. ‘नंबर उद्या येतोय, आज घेऊन जा’ याला नाही म्हणा. विमा त्या क्षणापासून चालू आहे का, हेही पॉलिसीवरच्या तारखेसोबत वेळेवरून बघा. पॉलिसीत झिरो डेप्रिसिएशन (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई), गाडी पूर्ण गेल्यास इनव्हॉइसची रक्कम आणि इंजिनात पाणी गेल्याचं संरक्षण घ्याच. मुंबईत जुलैमध्ये अंधेरीच्या सबवेखाली काय होतं ते सांगायला नको.

स्वतःच्या सोसायटीचा रॅम्प आधी न बघणं ही हमखास होणारी चूक. पुढच्या बंपरचा खालचा ओठ घासतो तो बहुधा पहिल्याच संध्याकाळी, बेसमेंटच्या उतारावर. डीलरच्या टेस्ट ड्राइव्ह गाडीने एकदा घरी येऊन बघा. रॅम्पवर जागा असेल तर तिरकं चढा-उतरा, नाक उचलणारी लिफ्ट असेल तर वापरा.

आणि पहिल्या दिवशी जोर काढू नका. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर घाट सोडून मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहेच, पण इथे प्रश्न वेगाचा कमी आणि इंजिनाचा जास्त आहे. बीएमडब्ल्यू एम गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये पहिले २,००० किलोमीटर ५,५०० आरपीएमच्या आत राहायला सांगितलंय, आणि त्यानंतर इंजिन व डिफरेन्शियलचं ऑइल बदलणारी खास सर्व्हिस. पोर्शे ३,००० किलोमीटर सांभाळायला सांगते. नव्या टायरची पूर्ण पकड यायला साधारण ३०० किलोमीटर लागतात, ब्रेक बसायला ५०० च्या आसपास. पावसात घेतली असेल तर हे दोन आकडे विसरू नका. शिवाय पहिल्याच दिवशी लाँच कंट्रोल (उभी गाडी पूर्ण जोरात सोडणारी सोय) दाखवा म्हणणारा मित्र शेजारी नको. एकाच आरपीएमवर तासभर जाणंही बरं नाही. जुन्या हायवेने लोणावळ्यापर्यंत गिअर बदलत, वेग कमी-जास्त करत गेलात तर इंजिन जास्त छान मोकळं होतं.

पहिल्या आठवड्यात काही खटकलं तर

सकाळी ब्रेक डिस्कवर तांबूस थर दिसला तर तो धुतल्यानंतरचा गंज आहे, दोन-तीनदा ब्रेक लावल्यावर जातो. पहिल्या काही दिवसांत तापल्यावर जळका वास येतो, कारण एक्झॉस्टवरचे संरक्षक थर जळत असतात. मात्र धूर दिसला तर थांबा.

८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरत असेल तर बऱ्याच दिवस उभ्या गाडीचा टायर चपटलेला असू शकतो. टायर नीट तापेपर्यंत चालवून बघा, तरी राहिलं तर बॅलन्सिंग करून घ्या. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहत असेल तर अलाइनमेंट. गाडी दगडासारखी कडक वाटली तर आधी थंड टायरची हवा आणि मग ते ठोकळे. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारं स्टार्ट-स्टॉप चालतच नसेल किंवा बॅटरीचा इशारा येत असेल तर यार्डात उभ्या उभ्या बॅटरी खंगलेली असते. नुसती चार्ज करून देतो म्हणाले तर तिची चाचणी करून छापील निकाल मागा, कारण खंगलेली बॅटरी पहिल्याच पावसाळ्यात दगा देते.

इंजिन ऑइलची पातळी सुरुवातीला दर टाकीमागे बघा, रन-इनमध्ये, म्हणजे नवं इंजिन मुरताना, थोडं ऑइल खाल्लं जातं. आणि कोणत्याही कारणासाठी गाडी वर्कशॉपला गेली तर तक्रार तुमच्या शब्दांत लिहिलेलं जॉब कार्ड घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. तीच तक्रार तिसऱ्यांदा आली की पहिल्या दोन जॉब कार्डांच्या प्रती जोडून कंपनीच्या भारतातल्या मुख्य कार्यालयाला थेट ईमेल करता येतो. ‘तोंडी सांगितलं होतं’ याला तिथे काही अर्थ नसतो.