डिसेंबरातलं हेलसिंकी: पाय आणि फोन सांभाळा

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हेलसिंकीत सूर्य सव्वानऊनंतर उगवतो आणि सव्वातीनच्या सुमारास मावळतो. त्यामुळे सुओमेनलिन्ना या बेटांवरच्या सागरी किल्ल्याकडे जाणारी फेरीबोट सकाळीच पकडा. संग्रहालयं, कॅफे, सौना अंधार पडल्यावर.

थंडी आधी पायांना गाठते. बरेच जण घट्ट बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबतात; रक्तपुरवठा आवळला जातो आणि बोटं आणखीच गारठतात. बूट अर्धा-एक नंबर मोठा, आत लोकरीचा जाड मोजा एकच, आणि बोटं मोकळी हलली पाहिजेत. सुती मोजा नकोच, तो घाम धरून ठेवतो. बर्फाळ फुटपाथसाठी बुटावर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे घ्या, पण दुकानात शिरताना काढा. गुळगुळीत फरशीवर तेच खिळे सरकतात!

थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, म्हणजे तिला वीज पुरवणं जड जातं, म्हणून तीस टक्के दाखवणारा फोनही अचानक बंद पडतो. तो जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, पॉवर बँकही. सगळ्यांची ट्रामची तिकिटं एकाच्याच फोनवर नकोत. कॅमेरा आत नेण्याआधी झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासाभराने काढा, नाहीतर लेन्सवर दव धरतं.