रणगाड्याच्या मॉडेलची जाळी सरळ बसवायची तर

१:३५ मॉडेलवर जाळीचं चिलखत बसवताना आधी दोन पट्ट्यांमधलं अंतर ठरवा. आरपीजी-७ या खांद्यावरून डागायच्या रणगाडाविरोधी शस्त्राच्या मूळ गोळ्याचा व्यास ८५ मिमी. खरी जाळी तो गोळा दोन पट्ट्यांत अडकवून चेंगरते, म्हणून फट त्याहून कमी असते. आपल्या मापात ८५ मिमी म्हणजे २.४ मिमी. मी २ मिमीवर खुणा करतो. पाव मिमी जाडीची पट्टी धरली तर पावणेदोन मिमी फट उरते, आणि डोळ्याला ती पटते.

पट्ट्या सपाट चिकटवू नका, धार बाहेरच्या बाजूला येईल अशा बसवा. त्यासाठी सगळे उभे खांब एकत्र चिकटपट्टीने बांधा आणि बारीक करवतीने एकदमच खाचा पाडा. एकेका खांबाला वेगळ्या खाचा पाडल्या की जाळी हमखास तिरकी होते. मग आलेख कागद फरशीवर चिकटवून त्यावर जुळणी करा.

आणि आपल्या परभणी-नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये हे काम पहाटेच करावं. दुपारच्या उन्हात पातळ सिमेंट, म्हणजे मॉडेलचं प्लास्टिक जोडायचा पातळ गोंद, खाचेत उतरण्याआधीच उडून जातं. कूलरचा झोतही तेवढा वेळ बंद ठेवा.