पक्ष्यांच्या नाकातले माइट : कामाला लागण्याआधी

संक्रांतीच्या मांज्याने मेलेला पारवा मी पहिल्यांदा टेबलावर घेतला, तेव्हा आई म्हणाली, "नाकात गोचीड असती का कुठं?" गोचीड नव्हे, पण तिच्याच गोतातला आठ पायांचा जीव. राइनोनिसिडी कुळातले हे माइट पक्ष्याच्या नाकपोकळीत राहून रक्त पितात. लांबी मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी, डोळे नाहीत. याच कुळातला स्टर्नोस्टोमा ट्रॅकिआकोलम हा माइट मात्र श्वासनळीत आणि वायुकोशांत उतरतो. पिंजऱ्यातल्या कॅनरी त्यानं धापा टाकतात, कधी मरतातही.

सोलापुरात हे माइट शोधायला सुरुवात करणार असाल तर नान्नजचं माळढोक अभयारण्य, हिप्परगा तलाव नंतर. आधी वनविभागाची लेखी परवानगी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मेलेला वन्य पक्षीसुद्धा सरकारी मालमत्ता असतो. एका जागी बरेच पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. बर्ड फ्लू असू शकतो. हातमोजे आणि मास्क कायम.

नाकातून माइट काढायचं काम तसं साधं. सिरिंजला सुई लावायची नाही. पाण्यात डिटर्जंटचा एक थेंब, टोक एका नाकपुडीला टेकवून हलका दाब. दुसऱ्या नाकपुडीतून, तोंडातून जे पाणी येतं ते काचेच्या बशीत झेलायचं. बशीखाली काळा कागद ठेवा. माझे पहिले काही पक्षी कोरडेच गेले. मग एकदा शेंबडाच्या तारेत अडकलेला पिवळसर ठिपका दिसला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे पुढचे पाय सावकाश चाचपडत होते, पोटातलं रक्त काळपट दिसत होतं. त्या दिवशी मी जेवायला उठलेच नाही.

स्लाइडसाठी माइट लॅक्टोफिनॉल या द्रावणात पारदर्शक करून हॉयर माध्यम नावाच्या चिकट द्रवात बसवतात. श्वासरंध्रं पाठीकडे दिसली की कुळ ओळखायला मोठी मदत होते.

माझी मोठी चूक झाली ती लेबलात. बॉलपेनने लिहिलेली चिठ्ठी सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये टाकली आणि शाई उतरली. नमुना पारव्याचा की होल्याचा, कळेना. याच कुळातल्या टिनामिनिसस गटाचे माइट दोघांतही सापडतात, पण जाती वेगळ्या असू शकतात. पक्षीच माहीत नसेल तर त्या नमुन्याचं करायचं काय? चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा, पक्षी, ठिकाण, तारीख, आणि बाटलीच्या आत टाका. माइट न निघालेल्या पक्ष्यापुढेही वहीत 'शून्य' लिहा. लागणीचं प्रमाण काढताना भागाकार तपासलेल्या सगळ्या पक्ष्यांनी करायचा असतो, त्या शून्यांसकट.