वस्तीत बीपी तपासणी शिबिर: आखणीपासून पाठपुराव्यापर्यंत

शिबिराची तारीख ठरवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तीन गोष्टी विचारून घ्या. बीपी जास्त निघालेल्यांना पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कोण तपासणार, कुठल्या वारी, आणि बीपीच्या गोळ्यांचा साठा आहे का. याची उत्तरं मिळाली नाहीत तर शिबिर पुढे ढकला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातले १५ वर्षांवरचे सुमारे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रिया एकतर १४०/९० किंवा त्याहून वरच्या बीपीच्या किंवा आधीपासून गोळ्या घेणाऱ्या निघाल्या. फक्त तिशीपुढची माणसं बोलावलीत तर प्रमाण आणखी वाढतं. शंभर लोक तपासणार असाल तर पंचवीस-तीस जणांच्या पुढच्या तपासणीची सोय हाताशी हवी.

दुपारी अकरा ते दोन शिबिर ठेवलं की बायका आणि म्हातारी माणसं येतात. चाळिशीतले पुरुष येत नाहीत, आणि तपासणी सर्वांत कमी झालेली असते ती त्यांचीच. त्यांच्यासाठी दूध संकलन केंद्राची सकाळ-संध्याकाळची वेळ धरा, जवळच्या खोलीत खुर्च्या मांडा. आठवडी बाजार टाळा. तिथे गर्दी भरपूर मिळते, पण गोंगाट, उन्हातली पायपीट आणि हातातला चहा यामुळे आकडे फुगतात. उसतोडीला जाणाऱ्या वस्त्यांत दसऱ्याच्या आधीच तपासणी उरका, नाहीतर दुसऱ्यांदा मोजायला माणूस गावात नसतो. जागेत स्वच्छतागृह हवंच. लघवी तुंबलेली असली तरी बीपी वर जातं, आणि बायका सोय नसेल तर तशाच बसून राहतात.

दवंडी देताना किंवा व्हॉट्सॲपवर निरोप टाकताना एक ओळ विसरू नका: "बीपीची गोळी रोजच्यासारखी घेऊनच या, उपाशी येऊ नका." शिबिर म्हटलं की लोक रक्त काढणार असं समजतात, पोटात काही न घालता आणि गोळी चुकवून येतात.

मशीन आणि पट्टा

दंडावर पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या. मनगटावरचं नको, हात जरा खाली-वर झाला की त्याचा आकडा बदलतो. काट्याचं मशीन एकदा पडलं की बिघडतं आणि ते बाहेरून कळत नाही. विकत घेण्याआधी ते मॉडेल 'स्ट्राइड बीपी' (अचूकतेची चाचणी पार केलेल्या बीपी मशीनची यादी देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) हिच्या यादीत आहे का ते पाहा. खोक्यावरचं "डॉक्टरांनी शिफारस केलेलं" हे वाक्य म्हणजे तपासणी नव्हे.

मशीनपेक्षा जास्त घोळ पट्टा घालतो. मशीनबरोबर येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. माप पट्ट्यावरच छापलेलं असतं. शिंप्याची टेप ठेवा आणि खांदा व कोपर यांच्या मधोमध घेर मोजा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की आकडा खोटा वर जातो: अमेरिकेतल्या २०२३ सालच्या एका अभ्यासात, सर्वांत मोठ्या पट्ट्याची गरज असलेल्यांना नेहमीचा पट्टा लावल्यावर वरचा आकडा सरासरी १९-२० ने जास्त आला. म्हणजे निरोगी माणूसही रुग्ण ठरेल. उलट, बारीक अंगाच्या शेतमजूर बाईच्या दंडाला मोठा पट्टा लावला तर आकडा कमी येतो आणि बीपी असूनही ती सुटते. छोटा, मध्यम, मोठा असे तीन पट्टे हवेतच.

मशीनना १, २, ३ असे क्रमांक चिकटवा आणि नोंदवहीत प्रत्येक नावापुढे मशीनचा क्रमांक लिहा. संध्याकाळी नोंदी चाळताना एकाच मशीनचे आकडे सतत चढे दिसले तर दोष सापडतो, आणि कोणाला परत बोलवायचं तेही कळतं. आदल्या दिवशी सगळी मशीन आरोग्य केंद्रातल्या मशीनशी एकाच माणसावर ताडून पाहा. नवे सेल घाला, शिवाय एक जोडी जादा ठेवा.

मोजणी

दर मशीनमागे ताशी दहा माणसं धरा. चार मशीन आणि तीन तास म्हणजे १२० जण. याहून जास्त झाले तर विश्रांती कापली गेली असं समजा. प्रत्येक टेबलामागे पाठ टेकायच्या तीन खुर्च्या विश्रांतीसाठी लावा. तिथे पाच मिनिटं शांत बसायचं, मोबाइल बंद.

नाव, वय, आजार, गोळ्या हे सगळं नोंदणीच्या टेबलावरच विचारून घ्या. तिथेच गेल्या अर्ध्या तासात चहा, बिडी, तंबाखू किंवा मशेरी झाली का तेही विचारा. मशेरीचं नाव घेऊनच विचारा, "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला मशेरी लावणारी बाई "नाही" म्हणते. झाली असेल तर अर्धा तास थांबवा.

खुर्चीवर पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही. बुटक्या आजींचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या. हात टेबलावर पूर्ण टेकलेला आणि पट्ट्याचा मध्य छातीच्या मधल्या हाडाच्या पातळीला हवा. पट्टा हृदयापासून १० सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा ७-८ ने वाढतो, म्हणून ठेंगण्या टेबलावर हाताखाली घडी केलेली चादर ठेवा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर यावी आणि पट्ट्याखाली दोन बोटं जावीत.

बाही हा नेहमीचा पेच. शर्टाची बाही दुमडून वर सारली की ती दंडाला आवळते; हात बाहेर काढायला सांगा. बायकांसाठी पडदा आणि मोजायला बाई हवी. ब्लाउजची बाही अगदीच पातळ असेल तर तिच्यावरून मोजलेलं चालवून घ्या, पण गुंडाळलेल्या घट्ट बाहीखाली मोजू नका. डायलिसिसची शीर ज्या हातात केली आहे किंवा ज्या बाजूच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्या हाताला पट्टा लावायचा नाही.

पट्टा फुगत असताना कोणीही बोलायचं नाही. हा नियम बहुतेकदा मोजणाराच मोडतो: मशीन चालू करून "घरी कोणाला बीपी आहे का?" असं विचारतो आणि समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. पहिला आकडा १३०/८५ च्या खाली आला तर तेवढ्यावर थांबलं तरी चालतं. नाहीतर एकेका मिनिटाच्या अंतराने आणखी दोनदा मोजा आणि शेवटच्या दोन आकड्यांची सरासरी धरा. पहिला आकडा घाबरल्यामुळे चढा असतो.

मशीन वारंवार 'एरर' दाखवत असेल तर आधी हात हलला का, नळी मुडपली का ते पाहा. तरीही तसंच होत असेल किंवा अनियमित ठोक्यांची खूण येत असेल तर डॉक्टरांकडून नाडी तपासून घ्या.

आकडा दिसेल तसाच लिहा. १३८ चे १४० केले की माणूस एका गटातून दुसऱ्या गटात जातो. डिजिटल मशीनच्या नोंदींत शून्यावर संपणारे आकडे साधारण दहात एक असतात; त्याहून बरेच जास्त दिसले तर कोणीतरी गोळाबेरीज करतंय.

आकडा कळल्यावर

१४०/९० च्या खाली असेल तर वर्षाने पुन्हा या. मात्र गोळ्या चालू असलेल्याला हे नुसतं सांगू नका. आकडा चांगला आला तो गोळीमुळे, हे त्याला स्पष्ट कळलं पाहिजे. नाहीतर "नॉर्मल आलंय" म्हणत तो घरी जाऊन गोळी सोडतो.

वरचा १४० ते १७९ किंवा खालचा ९० ते १०९: "तुम्हाला बीपी आहे" असं म्हणू नका, "आज जास्त आलंय, दुसऱ्या दिवशी मोजून ठरवू" असं म्हणा. एक ते चार आठवड्यांत उपकेंद्रात पुन्हा मोजायचं. शिबिरात गोळी सुरू करायची नाही.

१८०/११० किंवा त्याहून वर, दोनपैकी एकही आकडा: शांत बसवून पुन्हा मोजा, आणि तसाच राहिला तर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे, सोबत माणूस देऊन. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, बोबडी वळणं, अचानक अंधुक दिसणं, यातलं काहीही असेल तर थेट १०८. बीपी झटकन उतरवायला जिभेखाली गोळी फोडून देण्याची जुनी सवय कुठे कुठे अजून आहे. ती धोक्याची आहे. बीपी एकदम कोसळून मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो.

गरोदर बाईचा हिशेब वेगळा. १४०/९० ला त्याच दिवशी डॉक्टर, १६०/११० ला रुग्णवाहिका.

मिठाबद्दल सांगायचं तर "मीठ कमी करा" याने काही होत नाही. दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही, आणि त्यात लोणचं, पापड, सुकी मासळी, फरसाण सगळं आलं. चौघांच्या घरात किलोची पिशवी किती दिवस पुरते ते विचारा. पन्नास दिवसांच्या आत संपत असेल तर मीठ जास्त जातंय.

चिठ्ठीवर तिन्ही आकडे, कुठला हात, पुढची तारीख, वार, ठिकाण आणि आशाताईंचा नंबर लिहा. कार्बन घालून दुसरी प्रत ठेवा. त्याच संध्याकाळी जास्त आकडेवाल्यांची गल्लीवार यादी आशाताई आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या हातात द्या.

भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात (२०१७ पासून, महाराष्ट्रात सुरुवातीला भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा) प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवतात आणि तारीख चुकवलेल्याला शोधून बोलावतात. शिबिरालाही हीच पद्धत लावा. चार आठवड्यांनी मोजा: किती जण दुसऱ्या तपासणीला पोचले, किती जणांचं निदान पक्कं झालं, किती जणांची गोळी सुरू झाली. तीन महिन्यांनी किती जण १४०/९० च्या खाली आले ते पाहा. जे आलेच नाहीत त्यांच्या घरी संध्याकाळी सातनंतर मशीन घेऊन जा. कारण बहुतेकदा एकच असतं: काही त्रास होत नाही, मग मजुरी बुडवून कशाला जायचं. त्यांना दवाखान्याची सकाळची वेळ पुन्हा सांगून उपयोग नाही. मोजणी घरीच करा, आणि आकडा पुन्हा जास्त आला तर मजुरी न बुडवता डॉक्टरांना कधी दाखवता येईल ते केंद्राशी आधीच बोलून ठेवा.