रेटिनॉल मानवत नसेल तर: नाजूक आणि मुरुमांच्या त्वचेसाठी सौम्य मार्ग

रेटिनॉल हे अ जीवनसत्त्वाचे एक रूप आहे. त्वचेच्या पेशी नव्याने तयार होण्याचा वेग ते वाढवते, म्हणून मुरूम आणि बारीक सुरकुत्या या दोन्हींसाठी त्याचे नाव घेतले जाते. परंतु ज्यांची त्वचा मुळातच नाजूक आहे त्यांच्या चेहऱ्याची त्यामुळे आग होते, साले निघतात आणि ऊन सोसवेनासे होते. परभणी, जालना, बीड या भागांत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असताना ही अडचण अधिकच जाचक ठरते. गरोदरपणात तर रेटिनॉल आणि त्याच वर्गातील ॲडापलीन टाळायलाच हवे.

पर्यायाकडे वळण्यापूर्वी दोन-तीन आठवडे त्वचेला विश्रांती द्यावी, कारण आधीच सोललेल्या त्वचेवर सौम्य औषधही झोंबते. आपल्याकडे बहुतेक घरांत बोअरचे पाणी वापरले जाते. त्यातील क्षारांशी साबणाचा संयोग झाला की एक चिकट थर तयार होतो आणि तो त्वचेवर राहून ती कोरडी पडते. म्हणून साबणाऐवजी साबणविरहित, सुगंध नसलेला फेसवॉश दिवसातून दोनदाच वापरावा आणि शक्य असल्यास शेवटी तांब्याभर जारच्या पाण्याने चेहरा धुवावा; उन्हाळ्यात जिथे टँकरची वाट पाहावी लागते तिथेही एवढे पाणी पुरते. चेहरा ओलसर असतानाच साधे, तेलकटपणा न वाढवणारे मॉइश्चरायझर लावावे. मुरूम येणाऱ्यांनी चेहऱ्याला खोबरेल तेल लावू नये, आणि लिंबू, खाण्याचा सोडा व टूथपेस्ट यांना तर चेहऱ्याजवळही येऊ देऊ नये.

यानंतर निवड करायची असेल तर मुरूम आणि त्यांचे काळे डाग या दोन्हींसाठी माझी पहिली पसंती ॲझेलेइक ॲसिडला आहे. गहू आणि बार्लीसारख्या धान्यांतही आढळणारे हे आम्ल मुरुमांतील जिवाणूंना आवर घालते, रंध्रे बुजू देत नाही आणि जास्तीचे रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया मंद करते. मुरूम बरा झाल्यावरही महिनोन्‌महिने डाग मागे राहणाऱ्या आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेसाठी हा शेवटचा गुण फार मोलाचा आहे. सुरुवात दहा टक्क्यांच्या क्रीमने करावी. पंधरा किंवा वीस टक्क्यांचे मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. पहिले काही दिवस थोडी चुणचुण किंवा खाज जाणवते, ती सहसा ओसरते. गरोदरपणातही डॉक्टर ते सुरक्षित मानतात, मात्र त्यांना विचारूनच लावावे.

सुरकुत्यांची काळजी अधिक असेल तर बाकुचिओलचा विचार करावा. हा घटक आपल्या ओळखीच्या बावचीच्या बियांतून मिळतो. चव्वेचाळीस जणांवर बारा आठवडे केलेल्या एका तुलनात्मक अभ्यासात अर्धा टक्का बाकुचिओल आणि अर्धा टक्का रेटिनॉल यांचा सुरकुत्यांवर व डागांवर जवळपास सारखाच परिणाम दिसला, पण साले निघणे आणि झोंबणे रेटिनॉलच्या गटात अधिक होते. अभ्यास लहान आहे हे ध्यानात ठेवावे. येथे एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते: काष्ठौषधींच्या दुकानातून बावचीची पूड किंवा तेल आणून चेहऱ्याला चोळणे म्हणजे बाकुचिओल लावणे नव्हे. कच्च्या बावचीत सोरालेन असते. पांढऱ्या कोडावर वैद्य व डॉक्टर त्याचा उपयोग करतात तो उन्हाशी होणाऱ्या त्याच्या क्रियेमुळेच, आणि याच क्रियेमुळे आपल्याकडच्या उन्हात चेहरा भाजून फोड येऊ शकतात व काळे चट्टे उरतात. म्हणून शुद्ध केलेले बाकुचिओल असलेले तयार सीरमच घ्यावे.

निआसिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, तेलकटपणा आणि लाली कमी करते. दोन ते पाच टक्के पुरे. दहा टक्क्यांनी नाजूक त्वचेची उलट आग होऊ शकते.

कोणताही एकच घटक निवडावा. तो कानामागे किंवा जबड्याच्या कडेला चार-पाच दिवस लावून पाहावा आणि त्रास न झाल्यास एक दिवसाआड रात्री, मॉइश्चरायझरनंतर, वाटाण्याएवढाच लावावा. दुसरा घटक महिनाभर तरी जोडू नये. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात.

दिवसा किमान एसपीएफ तीसचे सनस्क्रीन लावावेच. कापूस वेचायला किंवा दुचाकीवर जाताना सुती स्कार्फ बांधावा, मात्र तो रोज धुतलेला असावा, कारण घामाने भिजलेला कापड गालावर घासत राहिला की मुरूम वाढतात. पत्र्याच्या घरात सीरमची बाटली फळीवर न ठेवता माठाजवळच्या सावलीत ठेवावी.

चेहरा आठवड्यात उजळवणारे मलम कोणी चिठ्ठीविना देऊ केले तर ते घेऊ नये. अशा मलमांत पुष्कळदा स्टेरॉइड असते; त्याने त्वचा पातळ होते आणि ते थांबवताच मुरूम दुप्पट जोराने उसळतात. असे मलम आधीपासून लावत असाल, किंवा मुरूम खोल, दुखरे आणि खड्डे पाडणारे असतील, तर वर सांगितलेले काहीही सुरू करण्याआधी जवळच्या शासकीय रुग्णालयातील त्वचारोग विभागात चेहरा दाखवावा आणि जाताना मलमाची नळी सोबत न्यावी.