एरोंबा घरी करायचाय? आधी न्गारी नीट समजून घ्या

मणिपूरच्या मैतेई घरात जेवण म्हणजे भात, आणि भातासोबत एरोंबा असला की झालं. उकडलेल्या भाज्या, मिरची आणि न्गारी (आंबवलेला सुका मासा) एकत्र कुस्करायची, बास. तेलाचा थेंब नाही, फोडणी नाही, हळद मसाला काही नाही, आणि प्लीज सवयीने जिरं-मोहरी टाकू नका, सगळी चव मरते.

खरा जीव न्गारीत आहे. छोटे मासे उन्हात वाळवून मडक्यात घट्ट दाबून भरतात, तोंड बंद करतात आणि महिनोन्महिने तसेच आंबू देतात. वास जबरदस्त येतो, पहिल्यांदा पाकीट उघडणाऱ्याला वाटतं की खराब झालीये, तर तसं नाहीये, वास असाच असतो. साधी सुकट टाकून चालेल का? माझ्या मते नाही, कारण नुसता वाळवलेला मासा आणि आंबवलेला मासा यांच्या चवीत खूप फरक पडतो. मासा खात नसाल तर हवाइजार म्हणजे आंबवलेलं सोयाबीन घाला, चव वेगळी येते पण छान येते.

चौघांसाठी ३ मध्यम बटाटे घ्या, सोबत मूठभर घेवडा किंवा सोइबुम, म्हणजे आंबवलेले बांबूचे कोंब. थंडीत इंफाळच्या इमा कैथेलमध्ये, जिथे सगळ्या विक्रेत्या बायकाच आहेत, योंगचाकच्या लांब हिरव्या शेंगा येतात, त्या मिळाल्या तर सोडूच नका, वरची साल खरवडून तुकडे करून घाला. हे सगळं ६-७ सुक्या लाल मिरच्यांसोबत मऊ उकडा. उमोरोक वापरत असाल (भूत जोलोकिया म्हणतात तीच जहाल मिरची) तर अर्धी पुरे, आणि नंतर डोळ्याला हात लावू नका. उकडलेलं पाणी फेकायचं नाही, ते लागणारे.

आता न्गारीचे २-३ तुकडे कोरड्या तव्यावर मंद आचेवर भाजा. कडा तांबूस झाल्या, मासा बोटाने दाबल्यावर चुरायला लागला आणि कच्चा उग्र वास जाऊन खमंग वास आला की उतरवा, घाई केली तर तोंडात उग्रपणा राहतो आणि करपली तर कडू होते.

आधी मिरच्या, न्गारी आणि मीठ एकदम बारीक वाटा, मग त्यात बटाटे आणि भाज्या कुस्करा. मिक्सर नको, चिकट होतं. बाजूला ठेवलेलं पाणी थोडं थोडं घालत सैलसर करा, भातावर घेतल्यावर पसरेल पण वाहणार नाही इतपत. मीठ शेवटी चाखून बघा.

वरून बारीक चिरलेली मरोइ नकुप्पी (लसणासारख्या वासाची पात), नसेल तर लसणाची पात, आणि कोथिंबीर. गरम भातासोबत लगेच वाढा, आणि बाजूला चामथोंग ठेवा, म्हणजे भाज्यांचा बिनमसाल्याचा पातळ रस्सा, एरोंबा एवढा तिखट असतो की तो लागतोच.